दहा रुपयांचं तिकीट आणि उडदाची पिशवी

गेल्या श्रावणात औंढा नागनाथच्या दर्शनाला निघाले होते. नांदेडहून सकाळची एसटी. वसमत ओलांडेपर्यंत गाडीत पाय ठेवायला जागा उरली नव्हती. शेजारच्या बाईंच्या मांडीवर बेलाच्या पानांची पिशवी होती. माझ्या हातातली वही बघून त्या म्हणाल्या, "ताई, मास्तरीन हाव का तुमी?"

"होते. आता रिटायर झाले."

"मंग सांगा बरं. ह्या औंढ्यापाशी अणूचं कायतरी करायलेत म्हन. आमचं वावर तिकडंच हाय. लेकराबाळाला काय व्हायचं न्हाई ना?"

मी त्यांना सांगितलं, की तिथे 'लायगो-इंडिया' नावाची वेधशाळा उभी राहणार आहे. अवकाशात लांब कुठेतरी दोन कृष्णविवरं एकमेकांवर आदळली की त्यातून अतिसूक्ष्म तरंग उठतात. ते टिपायला चार-चार किलोमीटर लांबीच्या दोन नळ्या काटकोनात बसवायच्या, त्यांतून लेझरचा झोत सोडायचा आणि नळीच्या लांबीत प्रोटॉनच्या रुंदीच्या हजाराव्या भागाहूनही कमी फरक पडला तरी तो मोजायचा. तिथे युरेनियम नाही, अणुभट्टी नाही, किरणोत्सर्ग नाही. उलट रस्त्यावरच्या ट्रकच्या हादऱ्याचाच त्या यंत्राला त्रास.

बाईंनी सगळं शांतपणे ऐकलं. मग म्हणाल्या, "मंग नाव कामून अणूचं घेतेत लोकं?"

कामून म्हणजे का. मराठवाड्यातला हा शब्द मी चौतीस वर्षं वर्गात ऐकला आणि त्याच्यावरच माझी मास्तरकी चालली. लायगोमागे परमाणु ऊर्जा विभाग आहे, म्हणून लोक अणूचं नाव घेतात, एवढं मी सांगितलं. पण 'परमाणु' शब्द ऐकल्याबरोबर त्यांच्या पोटात गोळा का आला, हे सांगायला औंढ्यापर्यंतचा रस्ता पुरला नाही. त्या भीतीचं मूळ गेल्या ऐंशी वर्षांत आपल्यापर्यंत आलेल्या चित्रांत आहे. ती चित्रं मी माझ्याच आयुष्यात एकामागून एक बघितली. त्यांचीच ही हकीकत.

बिदरी पात्र दोन पैशांना, अणुभट्टी दहा रुपयांना

माझा जन्म १९५६ चा, कंधारचा. त्याच वर्षी ४ ऑगस्टला मुंबईजवळ तुर्भ्याला, म्हणजे ट्रॉम्बेला, देशातली पहिली अणुभट्टी सुरू झाली. तिला 'अप्सरा' हे नाव पंडित नेहरूंनी दिलं. पाण्याच्या खोल टाकीत बुडवलेली ही भट्टी चालू झाली की पाण्यात निळी आभा पसरते. ती बघून त्यांना अप्सरा आठवली, असं सांगतात.

आमच्या घरी अणू आला तो मात्र आधी बॉम्ब म्हणून. ऑगस्ट १९४५ मध्ये कंधार निजामाच्या राज्यात होतं आणि अण्णा, म्हणजे माझे वडील, दहा-बारा वर्षांचे होते. बाजारात कुणीतरी म्हणालं, एका बॉम्बात अख्खं शहर जळालं. लोकांना ते खोटं वाटलं. पुढे दिवाळीत हिरव्या सुतळीचा सगळ्यांत मोठा फटाका यायचा, त्याचंही नाव 'अ‍ॅटम बॉम्ब'. हिरोशिमा कुठे आहे हे ठाऊक नसलेल्या लेकरांनासुद्धा तो शब्द पाठ होता. कानावर हात ठेवून लांब पळायचं, ही अणूशी झालेली आमची पहिली ओळख.

अण्णा पोस्टात होते. १९६५ पासून टपाल खात्याने तिकिटांची नवी मालिका काढली. पन्नास पैशांवर आंबे, पंधरा पैशांवर चहाची पानं खुडणारी बाई, वीस पैशांवर नॅट विमान, पाच रुपयांवर भाक्रा धरण. मालिकेतल्या दोन पैशांच्या तिकिटावर बिदरी पात्र होतं, आमच्या शेजारच्या बिदरच्या कारागिरांनी काळ्या धातूत चांदीची तार ठोकून केलेलं. आणि सगळ्यांत महाग, दहा रुपयांच्या तिकिटावर ट्रॉम्बेची अणुभट्टी.

दहा रुपयांचं तिकीट पत्राला लागत नसे. एकदा एका कापड दुकानदाराकडे मोठं पार्सल आलं, त्यावर ते होतं. अण्णांनी दुकानदाराला विनंती करून तेवढा कागद कापून आणला, बशीतल्या पाण्यात भिजवून तिकीट सुटं केलं आणि माझ्या वहीत चिकटवलं. ती वही अजून माझ्यापाशी आहे. शिक्क्याची काळी कड नेमकी भट्टीच्या घुमटावरून गेली आहे. तिकिटावर माणूस एकही नाही. धरणाच्या चित्रात पाणी दिसतं, चहाच्या चित्रात बाईचे हात दिसतात. अणुभट्टीच्या चित्रात नुसती इमारत. आत कोण काम करतं, काय करतं, कशासाठी करतं, याचा काही पत्ता लागत नाही. मी अण्णांना विचारलं होतं, "ह्यात काय असतं?" ते म्हणाले, "लई मोठं असतं, बाळ."

'लई मोठं' या दोन शब्दांत त्या पिढीचा सगळा आदर होता. पण त्या शब्दांपाशी येऊन आमची विचारपूसही थांबली.

जगाने काढलेली चित्रं

हे एकट्या कंधारचं नव्हतं. युद्ध संपलं तेव्हा साऱ्या जगासमोर प्रश्न होता, की ज्या माणसांनी हे केलं त्यांना काय म्हणायचं? जुलै १९४६ मध्ये अमेरिकेच्या 'टाइम' साप्ताहिकाच्या मुखपृष्ठावर आइन्स्टाइनचा चेहरा आला, मागे आगीचा छत्रीसारखा ढग आणि त्यात त्यांचं प्रसिद्ध समीकरण. खरं म्हणजे बॉम्ब बनवणाऱ्या प्रकल्पात आइन्स्टाइन नव्हते. पण पिंजारलेल्या पांढऱ्या केसांचा तो चेहरा आणि तो ढग लोकांच्या मनात कायमचे एकत्र बसले. प्रकल्पाचे प्रमुख शास्त्रज्ञ ओपनहायमर यांची तर टोपीच इतकी ओळखीची झाली, की १९४८ साली 'फिजिक्स टुडे' मासिकाच्या पहिल्या अंकावर त्यांचा चेहरा नव्हताच. यंत्राच्या नळ्यांवर ठेवलेली टोपी तेवढी होती. पुढे १९५४ मध्ये त्यांच्याच सरकारने त्यांच्या निष्ठेची चौकशी मांडली आणि कालचा वीर आज संशयित ठरला.

त्याच वर्षी १ मार्चला बिकिनी बेटांवर अमेरिकेने हायड्रोजन बॉम्बची चाचणी घेतली. तिची किरणोत्सर्गी राख एका जपानी मासेमारी बोटीवर पडली आणि बोटीवरचे तेवीस कोळी आजारी पडले. काही महिन्यांतच जपानी पडद्यावर 'गोजिरा' अवतरला, अणुचाचणीने जागा झालेला समुद्रराक्षस. भीतीला तोंड, दात आणि शेपूट मिळालं.

दुसऱ्या बाजूने गोड चित्रही रंगवलं जात होतं. अमेरिकेचे अध्यक्ष आयझेनहॉवर यांनी ८ डिसेंबर १९५३ ला संयुक्त राष्ट्रांत 'शांततेसाठी अणू'ची घोषणा केली. १९५७ मध्ये डिस्नेने लेकरांसाठी चित्रपट काढला, त्यात अणू हा बाटलीतून निघालेला आज्ञाधारक राक्षस होता. त्याच वर्षी मार्गारेट मीड आणि रोडा मेत्रो या दोन अभ्यासक बायकांनी अमेरिकेतल्या शाळकरी मुलांचे निबंध तपासले. मुलांच्या डोळ्यांसमोरचा शास्त्रज्ञ जवळजवळ एकच निघाला. पांढरा कोट, चष्मा, उतारवय, एकटाच प्रयोगशाळेत, आणि पुरुष.

देव म्हणा की राक्षस, दोघंही माणसाच्या आवाक्याबाहेरचे. त्यांच्यापुढे हात जोडायचे, नाही तर पळायचं. बसून चार प्रश्न विचारावेत, अशी जागा या चित्रांत कुठेच नव्हती.

सुटातला शास्त्रज्ञ

आपल्याकडे हे चित्र होमी भाभांच्या रूपाने आलं. चांगला शिवलेला सूट, चित्रकलेचा हात, पाश्चात्त्य संगीताचा कान. युद्ध चालू असताना १९४४ मध्येच त्यांनी टाटा ट्रस्टला पत्र लिहून संशोधन संस्था मागितली आणि १९४५ मध्ये टाटा मूलभूत संशोधन संस्था उभी केली. १९४८ साली अणुऊर्जा आयोग झाला, त्याचे ते पहिले अध्यक्ष. १९५५ मध्ये जिनिव्हाला अणूच्या शांततामय वापराची मोठी जागतिक परिषद भरली, तिचं अध्यक्षपदही त्यांनाच मिळालं. नुकत्याच स्वतंत्र झालेल्या देशाला केवढा अभिमान वाटला असेल! सिनेमाच्या आधी सरकारी वृत्तचित्र दाखवायचे, त्यात पांढरे घुमट आणि पाहुण्यांसोबत फिरणारे मोठे लोक दिसायचे. कंधारच्या तंबूत सिनेमा बघताना आम्ही त्या घुमटांना टाळ्या वाजवल्या आहेत.

ऑक्टोबर १९६४ मध्ये चीनने अणुस्फोट केला आणि आठच दिवसांनी भाभा आकाशवाणीवर बोलले. पन्नास बॉम्बांचा साठा करायला दहा कोटींहून कमी खर्च येईल, असा हिशेब त्यांनी मांडला. तो अमेरिकेत सांगितल्या गेलेल्या किमतीवर बेतलेला होता. भट्ट्या आणि प्लुटोनियम काढायचे कारखाने उभारायचा खर्च त्यात धरलेला नाही, असा आक्षेप जाणकारांनी पुढे घेतला. तसंच विजेचं. १९८७ पर्यंत देशात वीस ते पंचवीस हजार मेगावॅट अणुवीज होईल, असा त्यांचा १९६२ चा अंदाज होता. प्रत्यक्षात ते साल उजाडलं तेव्हा आपण दीड हजाराच्याही आत होतो. आमच्या भागाला वीज परळीच्या कोळशाने दिली आणि माझे विद्यार्थी कित्येक वर्षं भारनियमनात कंदिलाच्या उजेडात दहावीचा अभ्यास करत राहिले.

भाभांच्या थोरवीला याने उणेपणा येत नाही. २४ जानेवारी १९६६ ला माँ ब्लाँ पर्वतावर विमान कोसळून ते गेले तेव्हा अण्णा त्या दिवशी जेवले नाहीत. त्यांना न भेटलेल्या, न बघितलेल्या माणसाचं ते सुतक होतं. पण शास्त्रज्ञाचा अंदाज हाही अंदाजच असतो, तो तपासायचा असतो, हे आम्हाला कुणी शिकवलं नाही. तपासणं म्हणजे अनादर, असंच वाटत राहिलं.

१८ मे १९७४

त्या दिवशी मी नांदेडला बी.एस्सी.च्या परीक्षेसाठी आत्याकडे राहत होते. बहात्तरच्या दुष्काळाला जेमतेम वर्ष झालं होतं. खडी फोडून आलेले घट्टे लोकांच्या हातावरून अजून गेले नव्हते, सुकडीची चव तोंडात होती. देशभर रेल्वेचा संप चालू होता, स्टेशन ओस पडलं होतं. सकाळी पोखरणच्या वाळवंटात जमिनीखाली अणुस्फोट झाल्याचं रेडिओवर सांगितलं आणि नांदेडच्या वजिराबाद भागातल्या हॉटेलांत दुसरा विषय राहिला नाही. आत्याचे यजमान छाती पुढे काढून म्हणाले, "आता आपल्याला कोण डोळे वटारतंय बघू."

मलाही अभिमान वाटला, हे मी लपवणार नाही. होमी सेठना, राजा रामण्णा, पी. के. अय्यंगार ही नावं आम्ही तोंडपाठ केली. काही महिन्यांनी वर्गात प्राध्यापकांनी सांगितलं, की स्फोटातलं प्लुटोनियम ट्रॉम्बेच्या 'सायरस' भट्टीतून आलं होतं. सायरस म्हणजे कॅनडाने दिलेली आणि अमेरिकेच्या जड पाण्यावर चालणारी, १९६० पासूनची भट्टी. शांततेच्या कामासाठी म्हणून ती मिळाली होती. कॅनडा चिडला आणि त्याने मदत थांबवली.

खोलीवर येऊन मी वही उघडली. दहा रुपयांच्या तिकिटावरचा घुमट तोच होता, पण मला तो आता वेगळा दिसायला लागला. एका छताखाली औषधोपचाराला लागणारे किरणोत्सर्गी पदार्थ तयार होत होते आणि बॉम्बचं प्लुटोनियमही. अणुविज्ञानाची ही दोन कामं एकमेकांना किती चिकटून आहेत, हे चित्रातून कळायला मार्ग नव्हता. वर्षाअखेर पंतप्रधान इंदिरा गांधी पोखरणच्या खड्ड्यापाशी गेल्या, ते छायाचित्र गाजलं. त्यात शास्त्रज्ञ राज्यकर्त्यांच्या बाजूला उभे होते. त्यानंतर मी अशी किती तरी छायाचित्रं बघितली. शास्त्रज्ञ नेहमी सत्तेच्या शेजारी. शेतकऱ्याच्या शेजारी उभा असलेला अणुशास्त्रज्ञ माझ्या बघण्यात आला नाही.

तो तिथे होता, याचा शोध मला पुढे लागला.

वहिनीचे पापड

ऐंशीच्या दशकाच्या शेवटची गोष्ट. मृगाचा पाऊस वेळेवर पडला होता आणि दादाने, माझ्या थोरल्या भावाने, उडदाचं नवं बियाणं आणलं होतं. पिशवीवर लिहिलं होतं टीएयू-१. पोळ्याच्या आसपास उडीद-मूग घरात येतात आणि सणासुदीला हातात पहिला पैसा त्यांचाच पडतो, म्हणून आमच्याकडे या पिकाचं मोल त्याच्या भावापेक्षा जास्त. त्या वर्षी खळ्यावर रास पडली तेव्हा दादाने मूठभर उडीद माझ्या ओंजळीत टाकले. दाणा टपोरा, काळाभोर. "मोंढ्यात आडत्यानं हात घालताच विचारलं, कोणतं वाण?"

पुढच्या वर्षी मी शाळेतल्या एका शेतीच्या मासिकात त्या नावाची फोड वाचली. टी म्हणजे ट्रॉम्बे, ए म्हणजे अकोला, यू म्हणजे उडीद. भाभा अणुसंशोधन केंद्र आणि अकोल्याचं कृषी विद्यापीठ यांनी मिळून तयार केलेलं, १९८५ साली शेतकऱ्यांसाठी आलेलं वाण.

त्याची रीत अशी. बियांवर गॅमा किरण सोडले की पेशीतल्या जनुकांत अचानक बदल होतात. निसर्गात असे बदल होतच असतात, पण फार सावकाश. किरणांनी ते भराभर होतात आणि बहुतेक वाया जातात. कुठे रोप उगवत नाही, कुठे उगवून वांझ राहतं. हजारो रोपांत एखादं कामाचं निघतं. शास्त्रज्ञ ते हेरतात, त्याचं बी धरतात, पुन्हा पेरतात, पुन्हा निवडतात. उडदात असंच एक बदललेलं रोप हाती लागलं, त्याचा टी-९ या जुन्या वाणाशी संकर केला, पिढ्यान्‌पिढ्या निवड केली आणि टीएयू-१ झालं. किरणांचं काम पहिल्याच पिढीत संपतं. शेतात येणाऱ्या दाण्यात किरणोत्सर्ग नसतो. चुलीवर भाकरी भाजली म्हणून भाकरीत विस्तव राहत नाही, तसंच.

मी हे मोठ्या उत्साहाने घरात सांगितलं. वहिनी पापडाचं पीठ कुटत होत्या. उडदाचं पीठ, पापडखार, मिरी, तेलाचा हात, आणि वरवंट्याचे घाव. त्यांचा हात थांबला. भोपाळची वायुगळती तेव्हा ताजी होती आणि विज्ञानाचं नाव निघालं की बायकांना तेच आठवायचं.

"अणूचे उडीद? आन् लेकरं खायलेत की गेल्या साली धरून!"

मी विस्तवाचा दाखला दिला. गॅमा किरण उजेडासारखे येतात आणि जातात, हे सांगितलं. वहिनींनी सगळं ऐकून घेतलं, पिठाचा गोळा पुन्हा पुढे ओढला आणि विचारलं, "चांगलंच काम हाय तर मंग पिशवीवर नीट कामून लिहीत नाहीत?"

याचं उत्तर माझ्यापाशी तेव्हा नव्हतं. बॉम्बची बातमी रेडिओने घरोघरी पोचवली. उडदाची बातमी तीन अक्षरांत मिटून पिशवीवर आली. ज्या विज्ञानाने आमच्या वावरात पाऊल टाकलं होतं, ते स्वतःचं नाव न सांगताच येऊन गेलं. भुईमुगाचंही तेच. ट्रॉम्बेच्या भुईमुगाची वाणं सत्तरच्या दशकापासून शेतात आहेत. लासलगावला २००२ पासून कांद्याला मोड येऊ नयेत म्हणून किरणांची प्रक्रिया करणारं केंद्र आहे. गावात शंभर जणांना विचारा, अणू म्हटलं की काय आठवतं. उडीद, शेंगा, कांदा कुणी म्हणणार नाही.

किल्लारीच्या पारावर

३० सप्टेंबर १९९३. आदल्या दिवशी गणपती बोळवले होते, माणसं थकून झोपली होती. पहाटे तीन छप्पन्नला जमीन हलली आणि लातूर-उस्मानाबादच्या गावांत दगडमातीच्या जाड भिंती झोपलेल्या माणसांवर पडल्या. जवळजवळ दहा हजार जीव गेले. चौथ्या दिवशी आम्ही शिक्षक भाकरी, चादरी, औषधं घेऊन गेलो. पडक्या पारावर एक आजोबा बसले होते. मी विज्ञानाची बाई आहे हे कळल्यावर ते म्हणाले, "गेल्या वर्षापासून भुई गुरगुरायली होती. आमी समद्यांना सांगितलं. तुमचं शास्त्र बॉम्ब करतंय, मंग हे त्याला कामून कळलं नाही?"

१९९२ च्या पावसाळ्यानंतर त्या भागात खरोखरच धक्के बसत होते, लोक धास्तावले होते. दख्खनचं पठार स्थिर आहे, असं आम्ही पुस्तकात शिकवत होतो. भूकंप कधी होईल हे आधी सांगता येत नाही, आजही येत नाही. हे खरं उत्तर त्या आजोबांना देताना माझी जीभ जड झाली. बॉम्बने शास्त्रज्ञाचं चित्र सर्वज्ञ, सर्वशक्तिमान असं केलं होतं. अशा माणसाला 'माहीत नाही' म्हणायची मुभा नसते. तो म्हणालाच, तर लोकांना तो खोटारडा वाटतो.

पुढे वाचलं, की कर्नाटकात गौरीबिदनूरला १९६५ पासून भूकंपमापकांची एक मोठी रांग आहे. दूर देशांतले भूमिगत अणुस्फोट ओळखायला अणुशास्त्रज्ञांनीच ती उभारली, आणि तीच यंत्रं भूकंपही टिपतात. हे मला त्या दिवशी ठाऊक असतं तर निदान एवढं सांगता आलं असतं, की आजोबा, भुईची गुरगुर ऐकणारी माणसंही आहेत, पण त्यांनी ऐकलेलं तुमच्या पारापर्यंत पोचायची वाट अजून झालेली नाही.

फौजी कपड्यांतले शास्त्रज्ञ

११ मे १९९८ ला बुद्धपौर्णिमा होती. नांदेडमध्ये दरवर्षीप्रमाणे जयंतीची तयारी, पांढऱ्या साड्या, खिरीचं वाटप. दुपारी पोखरणला पुन्हा स्फोट झाले. शहरात फटाके वाजले, त्यात ते सुतळीचे अ‍ॅटम बॉम्बही होते. १९७४ पासून 'बुद्ध हसला' हा सांकेतिक निरोप म्हणून लोकांच्या तोंडी होता, तो पुन्हा निघाला. आमच्या शाळेतले एक बौद्ध सहकारी शिक्षक दुसऱ्या दिवशी टीचर्स रूममध्ये हळूच म्हणाले, "बाई, ह्या कामाला बुद्धाचं नाव कामून?" कुणीच काही बोललं नाही. ती शांतता माझ्या मनातून अजून गेलेली नाही.

मग छायाचित्रं आली. अब्दुल कलाम, आर. चिदंबरम यांच्या अंगावर फौजी कपडे होते. चाचणीची तयारी परक्यांच्या नजरेला पडू नये म्हणून शास्त्रज्ञ लष्करी वेशात आणि टोपणनावांनी वावरत होते. गुप्ततेसाठी ते आवश्यक असेल. पण जूनमध्ये शाळा भरली तेव्हा मी आठवीच्या वर्गाला सांगितलं, अणुशास्त्रज्ञाचं चित्र काढा. बहुतेकांनी हिरवे ठिपके असलेला शर्ट काढला, मागे छत्रीचा ढग. काहींनी आइन्स्टाइनचे केस काढले. मुलींनीही पुरुषच काढला. एकाही कागदावर शेत नव्हतं, दवाखाना नव्हता.

मी फळ्यावर दोन नावं लिहिली. पहिलं बिभा चौधरी. कोलकात्यात अतिसूक्ष्म कणांवर मोलाचं काम केलेल्या या संशोधक बाईंना भाभांनी टाटा संस्थेत घेतलं होतं. दुसरं अनिल काकोडकर. पोखरणच्या दोन्ही चाचण्यांत काम केलेला हा मराठी माणूस रुपारेल कॉलेज आणि व्हीजेटीआयमध्ये शिकला, १९६४ मध्ये ट्रॉम्बेला लागला. आई कमलाताई गांधीवादी, वडील गोवा मुक्तीच्या लढ्यातले. आणि मराठीत विज्ञानकथा लिहिणारे डॉ. बाळ फोंडके यांनी त्याच केंद्रात कित्येक वर्षं संशोधन केलं, हेही सांगितलं. वर्गातली एक मुलगी उठली. "म्हणजे ते आपल्यासारखं बोलतेत?" होय, आपल्यासारखं बोलतात. हे तिला तेरा वर्षांची झाल्यावर कळलं.

शेक

२००९ मध्ये वहिनींना गर्भाशयमुखाचा कर्करोग निघाला. मराठवाड्यातली किती तरी माणसं जातात तशी आम्ही बार्शीच्या कर्करोग रुग्णालयाची वाट धरली. पंचवीस वेळा 'शेक' घ्यायचा होता. रेडिओथेरपीला पेशंट शेक म्हणतात, जणू गरम विटेचा शेक. कोबाल्ट यंत्राने शेक देतात ते कोबाल्ट-६० अणुभट्टीत तयार होतं. साध्या कोबाल्टवर न्यूट्रॉनचा मारा केला की ते किरणोत्सर्गी होतं आणि साधारण सव्वापाच वर्षांनी त्याचा जोर निम्म्यावर येतो. त्याचे गॅमा किरण गाठीवर नेमके सोडायचे. ट्रॉम्बेच्या माणसांनी 'भाभाट्रॉन' नावाचं देशी कोबाल्ट यंत्रही २००५ पासून दवाखान्यांत आणलं आहे.

पहिल्या दिवशी वहिनी माझा हात घट्ट धरून होत्या. मी म्हणाले, "वहिनी, उडदावर सोडले होते ना, तेच किरण." त्यांनी जरा विचार केला. "मंग ते माझ्यात राहायचे नाहीत." वीस वर्षांपूर्वी पापडाच्या पिठावर सांगितलेलं त्यांच्या लक्षात होतं. त्या एकट्या आत गेल्या. आज त्यांना नातवंडं आहेत.

समजावून सांगितलेली एक गोष्ट माणसाला किती बळ देते, हे मी त्या दरवाज्याबाहेर बसून शिकले.

विचारण्याचा हक्क

म्हणून कोकणातल्या जैतापूरच्या अणुवीज प्रकल्पाच्या वेळी माझं मन अस्वस्थ झालं. माडबन-नाट्याचे लोक विचारत होते, समुद्रात गरम पाणी सोडल्यावर मासळीचं काय होईल, जमीन हलली तर काय होईल. मार्च २०११ मध्ये जपानात फुकुशिमाच्या अणुवीज केंद्रात अपघात झाला आणि ते प्रश्न साऱ्या जगाचे झाले. त्याआधी तारापूरच्या नव्या भट्ट्यांसाठी अक्करपट्टी आणि पोफरण ही गावं उठली होती. प्रश्न विचारणारा अडाणी किंवा देशविरोधी, आणि शंका न घेणारा तो शहाणा, अशी वाटणी अनेकांनी केली. मला ती मान्य नाही. वहिनींनी विचारलं म्हणून त्यांना कळलं. देवाला आणि राक्षसाला प्रश्न विचारता येत नाहीत, माणसाला येतात. शास्त्रज्ञ हा माणूस आहे, हे चित्र आपण आधी मनात पक्कं बसवलं पाहिजे.

लायगोची कोनशिला ११ मे २०२३ ला बसली. अठ्ठ्याण्णवच्या स्फोटाची तीच तारीख, आता ती राष्ट्रीय तंत्रज्ञान दिन आहे. आमच्या मराठवाड्याच्या मातीत या वेळी ऐकणारं यंत्र येत आहे, आणि इथे काम करायला येणाऱ्या शास्त्रज्ञांना रस्त्यावर, बाजारात, देवळात लोक भेटणार आहेत. साठ वर्षांत चित्र बदलायची एवढी चांगली संधी आली नव्हती.

त्या दिवशी दर्शन घेऊन परतल्यावर मी औंढ्याजवळच्या एका शाळेतल्या ओळखीच्या बाईंना फोन केला. पुढच्या शनिवारी सातवीच्या वर्गात गेले. चित्र काढायला सांगितलं नाही. म्हटलं, तिथे येणाऱ्या शास्त्रज्ञांना पत्र लिहू, प्रत्येकाने एक प्रश्न द्या. प्रश्न आले ते असे. नळीत लेझर सोडला तर आमच्या बोअरचं पाणी कमी होईल का? कृष्णविवर आदळल्याचा आवाज येतो का? बैलगाडीच्या हादऱ्याचा पण त्रास होतो का? जमीन गेली त्यांच्या लेकरांना तिथे काम मिळंल का? किल्लारीसारखं झालं तर यंत्राला आधी कळंल का? बाया पण यंत्र चालवतात का, आणि त्यासाठी अकरावीला कोणता विषय घ्यायचा?

बावीस प्रश्न झाले. मी एकही गाळला नाही, भाषाही तीच ठेवली. पाकीट बंद केलं, पत्ता मुलांनीच लिहिला. त्यावर पाच रुपयांचं साधं तिकीट लावलं, एवढ्यात पत्र देशात कुठेही जातं. मग आम्ही सगळे रांगेने पोस्टापर्यंत चालत गेलो आणि शेवटचा प्रश्न जिचा होता, त्या मुलीने पाकीट पेटीत टाकलं.